राउटरचे दात

मालेगाव तालुक्यातील समस्त सुज्ञ नागरिक, महिला बचत गट, ग्रामपंचायतीचे आजी-माजी सदस्य आणि घरोघरी इंटरनेटची तार ओढून देणारे तमाम एजंट यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मौजे मेडशी येथील ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईच्या मागच्या खोलीत सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सत्तापालट झाला. जुनं सरकार पांढऱ्या रंगाचं होतं आणि त्याचा दिवा बहुतेक वेळ लाल असायचा. नवं सरकार काळं असून त्याच्या पोटावर कुंकू आहे. जीवितहानी नाही. एक ब्लाउजपीस मात्र आधीच्या धुमश्चक्रीत कामी आलं. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

ही दवंडी मीच पिटते आहे, कारण ती बाई मीच. वय त्रेपन्न, चष्मा दोन प्रकारचा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा.

सव्वीस वर्षं मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कोण माप देताना श्वास आत ओढते, कुणाला पाठीचा गळा खोल हवा असतो पण तो सासूच्या तोंडून मागायचा असतो, हे सगळं माझ्या डोक्यात. मग रेडीमेडचे ढीग आले आणि दुकानात फॉल-पिकोशिवाय काम उरेना. मी दुकान बंद केलं आणि व्हिडिओवर क्लास काढला. रोज दुपारी तीन ते चार. कापायच्या टेबलावर स्टँडला मोबाइल उलटा टांगायचा, खाली माझे हात, कात्री, खडू. शिकायला केनवडच्या पाचजणी, रिसोडकडच्या काही, कारंज्याची एक. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे कपडा घेऊन येत नव्हते, अक्कल मागायला येत होते. मला त्याची चटक लागली होती, हे कबूल करते. हा क्लास बुडाला असता तर मी उरलेलं आयुष्य लोकांच्या साड्यांच्या काठाला फॉल टाचत घालवलं असतं.

आणि क्लास बुडायच्याच बेतात होता.

तीन वाजता सुरुवात छान व्हायची. पाठ कापून व्हायची, पुढचा भाग घडीवर ठेवून व्हायचा. मग मी मुंढ्याला कात्री लावायची. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई. ब्लाउजचं सगळं नशीब तिथे. नेमकी तिथे पडद्यावर माझी मूर्ती व्हायची. कात्री उघडी, मी गप्प. दोन-तीन मिनिटांनी चित्र हलायचं, तेव्हा मी गळ्यापाशी पोचलेली असायची. केनवडच्या एका बाईनं त्या थिजलेल्या चित्रावर भरवसा ठेवून भाचीच्या लग्नाचं ब्लाउजपीस कापलं. मुंढा असा कापला गेला की त्यातून भाचीचं डोकं गेलं असतं. तिचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "बाई, तुमी मुंढ्यापाशीच काहून अटकता?" आणि मग सांगितलं की सोमवारी एकदा शेवटचं पाहते, पुन्हा अटकलं तर ती काही येणार नाही, आणि तिच्यामुळे आलेल्या चौघीही येणार नाहीत.

पाचजणी गेल्या की उरलेल्याही गळणार होत्या. तो दिवस होता मंगळवार. म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

अर्थात इंटरनेटच्या एजंटकडे मी त्याआधीच चार वेळा तक्रार केली होती. हा तरुण गृहस्थ चांगल्या घरचा, बोलायला गोड, मोटारसायकलवरून यायचा. दर वेळी दारात उभा राहून तो एकच प्रश्न विचारायचा, "काकू, साहेब हायेत का घरी?" आमचे साहेब म्हणजे माझा नवरा. भला माणूस, तूर आणि सोयाबीन यातलं त्याला सगळं कळतं, पण मोबाइलवर गजर लावायचा असला की तो माझ्याकडे देतो. मी सांगायची, राउटर मी वापरते, क्लास माझा आहे, काय ते मला सांगा. मग तो हसायचा, पांढऱ्या डबड्याकडे बघायचा आणि म्हणायचा की याचं वय झालं, कंपनीचा नवा घ्या, भाड्यानं मिळेल. आतलं काही बदलता येईल का विचारलं तर म्हणाला, त्याचा पासवर्ड फक्त आमच्याकडे असतो. दुसरा आणून लावला तर? "बाहेरचा चालत नाई, काकू. अन् ते तुमाले नाई समजनार. साहेब आले की फोन करा."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. सव्वीस वर्षं मी लोकांच्या मापाबाहेरच्या देहांना मापात बसवलं आहे. मला समजणार नाही असं जगात काय असेल ते असो, एक प्लॅस्टिकचं डबडं त्यात बसत नाही.

एक कबुली आधीच देऊन टाकते. त्या पांढऱ्या राउटरला मी सॅटिनचं झबलं शिवलं होतं, खाली लेसची झालर. आमच्याकडे मिक्सरला, टीव्हीला, शिलाई मशीनला सगळ्यांना कपडे आहेत. हा एकटाच उघडा बसलेला बरा दिसेना. एप्रिल-मे महिना त्यानं ते झबलं घालून काढला. मी ते काढलं तेव्हा आत तव्यासारखं तापलं होतं. झबलं काढल्यावर थोडा फरक पडला, पण मुंढ्याचं ग्रहण सुटलं नाही.

मग मी घरातच पाळत ठेवली. तीनच्या सुमाराला घरात दोन घटना घडतात. एक, नवरा शेतातून येतो, जेवतो, मोबाइल चार्जिंगला लावून आडवा होतो. त्या मोबाइलमध्ये सकाळपासूनचे रोह्यांचे व्हिडिओ असतात. रोही म्हणजे नीलगाय; आमच्या तुरीत त्यांचा राबता आहे आणि नवरा नुकसानीचा पुरावा म्हणून प्रत्येक रोह्याचं चित्रीकरण करतो. मोबाइलला घरचं वायफाय मिळालं रे मिळालं की ते सगळे रोही आपोआप इंटरनेटवर चढायला लागतात. दोन, माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, ओट्यावर बसून शंकरपटाचे व्हिडिओ लावतात. बैलजोड्या धावत असतात आणि मामाजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जागच्या जागी त्यांना हाकत असतात. एक दिवस मी दोघांचेही मोबाइल बंद करून ठेवले. क्लास लोण्यासारखा चालला.

कुणी म्हणेल, मग रोज बंद करायचे. मोबाइलचं नेट वापरायचं. तर मागच्या खोलीत मोबाइलच्या नेटला रेंज नाही, ती फक्त गच्चीवर टाकीपाशी मिळते, आणि गच्चीवर टेबल नेऊन मी ऊन खात कापड कापणार नव्हते. रोह्यांचे पुरावे थांबवले तर नवऱ्याचा भरपाईचा अर्ज अडतो. आणि म्हाताऱ्या माणसाचा शंकरपट काढून घेण्याइतकी मी दुष्ट नाही. शिवाय रोज अडीच वाजता घरभर हात जोडत फिरायचं, की मायबापहो, माझ्या क्लासपुरतं थांबा, हे मला मान्य नव्हतं. घरातल्या तारेवर माझाही तेवढाच हक्क होता. तो मला मागून घ्यायचा नव्हता.

बुधवारी सकाळी चष्मा बदलून मी वाचायला बसले. हळूहळू कळलं ते असं. तार बारीक नाहीच. रांग लावणारा बावळट आहे. रेशनच्या दुकानात एखादा दहा पोती घेऊन पुढे उभा राहिला आणि मागे एक बाई पाव किलो साखरेसाठी ताटकळत राहिली, तसं चाललं होतं. रोही म्हणजे दहा पोती, माझा मुंढा म्हणजे पाव किलो साखर. शहाणा दुकानदार असता तर म्हणाला असता, बाई, तू आधी घे आणि जा. राउटरमध्ये हा दुकानदार म्हणजे त्याच्या आतली आज्ञावली, तिला फर्मवेअर म्हणतात. आमच्या पांढऱ्या डबड्यातला दुकानदार कंपनीनं कधीकाळी बसवला आणि विसरून गेली. पण जगभरातल्या काही मंडळींनी मिळून एक दुसरा दुकानदार तयार करून ठेवला आहे, ज्याची कुलपं उघडी आहेत. कुणीही आत बघावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही फुकट घेऊन जावं. रांग कशी लावायची ते तो तुम्हालाच विचारतो. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर कात्री वाजवली.

एवढंच, की हा दुकानदार हव्या त्या दुकानात बसत नाही. त्याला जागा लागते.

आता माझ्या पहिल्या फजितीकडे वळू. हे सगळं वाचण्याच्या महिनाभर आधी, नुसत्या रागाच्या भरात, मी एक नवाकोरा राउटर मागवला होता. चार अँटेना, निळे दिवे, खोक्यावर विजेचं चित्र. सहा ब्लाउजची शिलाई त्यात गेली. मामाजींनी तो हातात घेतला. मामाजींची तालुक्यात ख्याती होती ती बैल पारखण्याची. लोक बाजारात बैल घेण्याआधी त्यांना घरून न्यायला यायचे. त्यांनी चारही अँटेना हलवून पाहिल्या आणि म्हणाले, "शिंगं मस्त रंगवली हायेत." तो राउटर मी पांढऱ्यालाच मागून जोडला, तर मुंढ्यापाशी तो पांढऱ्याइतकाच अटकला. आता वाचल्यावर कळलं की त्याच्या आत मेमरी इतकी थोडी होती की नवा दुकानदार आत शिरला असता तर त्याला बसायलाही मिळालं नसतं.

तर त्या मंडळींच्या वेबसाइटवर एक लांबलचक यादी आहे. आमच्या समाजात वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका निघते ना, अगदी तशी. नाव, साल, कुठली चिप, मेमरी किती, आणि शेवटच्या रकान्यात स्पष्ट शब्दांत, हे स्थळ करू नका. दोन दिवस मी ती पुस्तिका वाचली. नवं आणि झगमगीत ते बहुतेक बाद, कारण त्यांचे चिप बनवणारे आपलं गुपित कुणाला सांगत नाहीत. पाच-सात वर्षांपूर्वी खूप खपलेलं, साधं, जगभरच्या लोकांनी उघडून बघितलेलं ते उत्तम. साठवायची जागा सोळा एमबी, कामाची मेमरी एकशे अठ्ठावीस एमबी. याहून कमी असेल तर हात लावायचा नाही. बिघडला तर परत उठवायची सोय हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॉडेलचं नाव जुळून उपयोग नाही. एकाच नावाचा राउटर कंपनी दरवर्षी आतून बदलते आणि बाहेरून तसाच ठेवते. कितवी आवृत्ती ते फक्त पोटावरच्या चिठ्ठीत, एका कोपऱ्यात, एका आकड्यात लिहिलेलं असतं.

हे मी मामाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, यात नवीन काय. एका रंगाचे, एका उंचीचे दोन बैल उभे असतात. एक चार दाती तरणा, एक म्हातारा. तोंड उघडून दात बघितल्याशिवाय कोण पैसे देतो.

माझ्याच क्लासातली कारंज्याची बाई म्हणाली की तिच्या गल्लीत एक नेट कॅफे बंद होतो आहे, मालक सामान काढतो आहे. तिनं पाठवलेल्या फोटोत, पुस्तिकेतल्या माझ्या पसंतीच्या स्थळाचं नाव होतं. शनिवारी सकाळी मी निघाले. मामाजी माझ्याआधी चपला घालून दारात. बाजारात जनावर बघायला जायचं आणि ते घरी बसणार, असं झालं नव्हतं कधी. एस.टी.त माझं अर्धं तिकीट, त्यांचं फुकट. मालेगावला गाडी बदलून, शेलूबाजारला शेंगदाणे खाऊन आम्ही कारंज्याला उतरलो.

कॅफेचं शटर अर्धं खाली होतं. मालक एक थकलेला, सज्जन माणूस. राउटर अजून भिंतीवरच होता आणि मी चकित झाले, कारण तो उलटा टांगलेला होता, पोट बाहेर. मालक म्हणाला, पासवर्ड त्या चिठ्ठीवर असतो ना, गिऱ्हाइकं सारखी विचारायची, म्हणून तीच बाजू बाहेर ठेवली. जे बाहेर तेच पूजेला. दर दसऱ्याला त्यानं आपल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती आणि राउटरच्या वाट्याचं हळदकुंकू त्याच्या पोटावर लागलं होतं. वर्षानुवर्षांचे थर. आणि नेमका त्या कोपऱ्यात, जिथे आवृत्तीचा आकडा असायला हवा, तिथे रुपयाएवढा लालभडक ठिपका, त्यावर दोन अक्षता.

मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. आमच्या घरी कुंकवाचा करंडा नाही. मामाजी दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून दसऱ्याला आम्ही विहारात जातो, यंत्रांना टिळा लावत नाही. पण ज्याचा धंदा बंद होतो आहे अशा माणसाच्या देखत, त्यानं हातानं लावलेलं कुंकू नखानं खरवडून काढायचं, हे माझ्यानं होईना. मी नुसतं विचारलं, हा कितवा? तो म्हणाला, "तिसरा, ताई. तिसराच असंल."

तिकडे मामाजींनी सौदा सुरू केला होता. त्यांनी आपला दुपट्टा मालकाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटांनी, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. मालकाला काहीच कळेना. त्याला वाटलं म्हातारा चक्कर येऊन पडतो आहे. त्यानं घाबरून खुर्ची दिली आणि राउटर दोन ब्लाउजच्या शिलाईत देऊन टाकला. मामाजी आजही सांगतात की असा सौदा त्यांनी जन्मात केला नाही.

एस.टी.त बसल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, दात पाह्यले काय?"

मी म्हणाले, पाहिले. चार दशकांत सासऱ्यांशी बोललेल्या मोजक्या खोट्यांपैकी हे एक. खरं तर लग्नाला चार दशकं झालेली नाहीत, पण खोट्याचं वजन तेवढं होतं.

रविवारी सकाळी मी राउटर वायरनं जुन्या लॅपटॉपला जोडला, तिसऱ्या आवृत्तीची फाइल उतरवली आणि चढवायला घेतली. राउटरच्या पानावर एक पिवळी पाटी आली. ही फाइल या यंत्राची दिसत नाही. तरीही पुढे जायचं आहे काय?

आता मला सांगा, चार महिने ज्या बाईला सगळे सांगताहेत की हे चालत नाही, ते जमत नाही, तुम्हाला समजणार नाही, तिला यंत्रानंही तेच विचारलं तर ती काय करेल? मी ताठ बसले. मनात म्हटलं, तूसुद्धा? आणि 'पुढे जा'वर बोट दाबलं.

दिवे एकदा सगळे लागले. मग एकेक करून विझले. त्यानंतर काही नाही. तास गेला, काही नाही. पोटावर कुंकू असलेला, गार पडलेला काळा राउटर टेबलावर, आणि मी त्याच्यासमोर बसलेली. उद्या तीनला केनवडची बाई येणार होती.

नवरा येऊन बघून गेला. त्याला माझी दया आली आणि दया आली की तो घातक होतो. ओट्यावर जाऊन त्यानं एजंटला फोन लावला की उद्या दुपारी कंपनीचा नवा राउटर घेऊन या, आमच्या घरी जरा गडबड झाली. हे मला नंतर कळलं. इतिहासात असे फितूर सगळ्याच किल्ल्यांत निघाले आहेत, पण जेवायला ते आपल्याच हातचं जेवत नसतात.

मी मामाजींकडे गेले आणि सांगितलं की मी खोटं बोलले, दात पाहिले नव्हते. का नाही पाहिले तेही सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी राउटर मांडीवर घेतला, त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले की माणसाचा मान राखला हे चांगलं केलं, पण खोटं बोलायचं काम नव्हतं. त्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानंच पुसून दिलं असतं. "आता त्याचं कुंकू त्याच्या जागी राहू दे. आपल्याले आकड्यापुरतं पाह्यजे. तेवढंच काढ."

म्हणून मी शिवण उसवायची बारीक सुई घेतली, टोकाला ओला बोळा गुंडाळला आणि त्या रुपयाएवढ्या ठिपक्यात एक काजाएवढी खिडकी पाडली. आधी पिवळं आलं, मग लाल, मग पुन्हा पिवळं. एकेक दसरा उलटत गेला. तळाशी आकडा होता पाच.

पाचवी आवृत्ती. पुस्तिकेत तिसरीसारखीच चांगली, मेमरी तेवढीच, पण चिप वेगळी. मी घोड्याचं खोगीर बैलाला चढवलं होतं. तरी पुस्तिकेनं शेवटी दिलासा दिला होता, हे स्थळ पडलं तरी उठतं. सोमवारी सकाळी मी कृती लिहून घेतली. लॅपटॉपला ठरलेला पत्ता द्यायचा. पाचव्या आवृत्तीच्या फाइलला ठरलेलं नाव द्यायचं. वायर जोडायची. मग मागची बारीक कळ दाबून धरायची आणि तशातच बटण चालू करायचं. मेलेल्या राउटरमध्ये तेवढी एक धुगधुगी शिल्लक असते. त्या क्षणी तो आवाज देतो, कुणी आहे का, मला काही देता का. त्या वेळी फाइल तयार हवी. पहिल्या वेळी माझं बोट घसरलं. दुसऱ्या वेळी वीज गेली. तिसऱ्या वेळी मामाजींनी बटण दाबलं, मी सुईच्या टोकानं कळ धरली, आणि लॅपटॉपवर एक रेघ सरकायला लागली.

पहिला दिवा लागला तेव्हा साडेबारा झाले होते. मामाजींनी राउटरच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी.

पुढचं काम शिवणासारखंच होतं. भिंतीवरच्या कंपनीच्या डबीत तार येते, तिथून पुढची वायर पांढऱ्यातून काढून काळ्यात घातली. जोडणीचं नाव आणि पासवर्ड कंपनीच्या पहिल्या दिवशीच्या मेसेजमध्ये होते. बाहेरचा चालत नाही म्हणणाऱ्यांनीच ते पाठवले होते. चालला. रांग लावायचा भाग सुरू केला, तारेची ताकद मोजून त्याला सांगितली, थोडी कमीच सांगितली, जसा आपण शिलाईला दाब सोडतो, म्हणजे काठाशी थोडं जादा कापड. पांढरा राउटर त्याच्या झबल्यात गुंडाळून ट्रंकेवर ठेवून दिला.

तीन वाजले. मी मुद्दाम कुणालाच काही सांगितलं नाही. नवरा आला, जेवला, चार्जिंगला मोबाइल लावून आडवा झाला. त्या दिवशी सात रोही होते. ओट्यावर शंकरपट सुरू झाला, आवाज पूर्ण मोठा. पडद्यावर एकेक बाई उगवली. केनवडची बाई सगळ्यात शेवटी आली, नमस्कार न करता. तिनं समोर जुन्या साडीचा तुकडा अंथरला होता. चांगलं कापड माझ्या भरवशावर ती आता अंथरणार नव्हती.

पाठ झाली. पुढचा भाग झाला. मी मुंढ्याची खूण केली, खडूनं गोलाई काढली, आणि कात्री हातात घेतली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात रेघा हलत होत्या, रोह्यांची रांग लांब होती पण ती बाजूला उभी होती. मी कात्री लावली. कापत असताना विचारलं, दिसतं आहे का सगळ्यांना. कुणी बोललं नाही. मी कात्री थांबवून पडद्याकडे बघितलं. मग दिसलं की सगळ्या खाली मान घालून माझ्याबरोबर कापत होत्या. मुंढ्याचं शेवटचं वळण आलं तेव्हा केनवडच्या बाईनं मान वर केली, कापलेला तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला आणि बोटानं त्याची गोलाई फिरवून दाखवली. गोलाई सफाईदार होती, एकही कंगोरा नाही. तिनं तो तुकडा बाजूला ठेवला आणि पिशवीतून नवं कापड काढून अंथरलं.

त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली. मधल्या दारातून मला ओट्यापर्यंत दिसत होतं. एजंट, बगलेत नवं खोकं, ओट्याची पायरी चढला. मामाजी शंकरपटात. मी कात्री सोडून उठू शकत नव्हते, दुसरा मुंढा अर्धा कापलेला होता. त्यानं नेहमीसारखं गोड आवाजात विचारलं, "आबा, साहेब हायेत का घरी?"

मामाजींनी मोबाइलवरून नजर काढली नाही. हे घर त्यांचं, आतल्या खाटेवर घोरणारा मुलगा त्यांचा, आणि लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत माझं कौतुक त्यांनी माझ्यासमोर कधी केलेलं नव्हतं. त्यांनी जागेवरूनच एक जोडी हाकली, ती पुढे गेलेली बघितली, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हायेत ना. आतमंदी क्लास घेऊन राह्यल्या."